एकसारख्या बाटल्या

“पाणी टाकलंस की घड्याळ बघत बसू नकोस, सूनबाई. ऐक. आधी ते ओरडेल, मग बडबडेल, मग कुजबुजायला लागेल. कुजबुजलं की झाकण उचल. तोवर झाकणाला हात लावायचा नाही, कोणी काही म्हणो.”

बाबांनी हे सांगितलं त्याला एकोणीस वर्षं झाली होती. त्या दिवशी थोरली सून पहिल्यांदा तव्याच्या आतल्या बाजूला, सासऱ्यांच्या डाव्या हाताशी उभी राहिली, आणि तेव्हापासून ती जागा तिचीच झाली. आज मात्र ती बाहेरच्या बाजूला होती. आठव्या खुर्चीवर, मांडीवर घडीचा रुमाल घेऊन, एखाद्या पाहुणीसारखी.

“आज तू कामाला हात लावायचा नाहीस, वहिनी,” धाकट्या दिराने दारातच बजावलं होतं. “चाळीस वर्षं बाबांनी लोकांना जेवू घातलं. आज फक्त आपल्याला. ते एकटे करणार, आपण बसून खाणार.”

नको म्हणायला तिच्याकडे एकच कारण होतं, आणि तेच सांगायचं नव्हतं.

गिऱ्हाइकांसमोरच तव्यावर शिजवून वाढायचं, असं तेप्पान्याकीचं हे दुकान त्या दुपारी बाहेरच्यांसाठी बंद होतं. मधोमध तो लोखंडी तवा, दोन माणसं झोपतील एवढा. त्याच्या तिन्ही बाजूंनी लाकडी कट्टा आणि कट्ट्याला नऊ खुर्च्या. त्यातल्या पाचच भरल्या होत्या. आई, म्हणजे थोरलीच्या सासूबाई, पहिलीवर. थोरला मुलगा सातवीवर, बायकोच्या शेजारी. धाकटा कुठल्याच खुर्चीवर टिकत नव्हता. आणि तिसरीवर घड्याळजी, गल्लीतले घड्याळं दुरुस्त करणारे, घरचे नसूनही घरचे. सदतीस वर्षं दर मंगळवारी ते त्याच खुर्चीवर बसत आले होते आणि दर मंगळवारी मश्रूम बारा सेकंद उशिरा आल्याची तक्रार करत आले होते.

धाकट्याने हौसेने सगळं सजवलं होतं. कट्ट्याच्या आतल्या पट्टीवर त्याने चाळीस छोट्या मेणबत्त्या लावल्या होत्या, वर्षाला एक.

“मास्तर,” घड्याळजींनी विचारलं, “तव्याचा जाळ संपला काय? मेणबत्त्यांवर शिजवणार?”

“तुमच्यासाठी मेणबत्तीच पुरे,” बाबा म्हणाले. “तेवढा उशीर झाला की तक्रारीलाही जोर येईल.”

सगळे हसले. थोरलीही हसली, पण तिची नजर बाबांच्या डाव्या हाताकडे होती. तिथे नेहमीच्या बाटल्या नव्हत्या.

नेहमीच्या म्हणजे चार तऱ्हेच्या चार. पाण्याची बुटकी, पोचा पडलेली झारी. तेलाची लांब मानेची. साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, चिनीमातीची सुरई, जिच्या पोटावर उंच रेघा होत्या. आणि मांसावर शेवटी जाळ करायला लागते त्या ब्रँडीची चौकोनी. त्या सगळ्या गोळा करून धाकट्याने मागच्या फडताळात टाकल्या होत्या. त्यांच्या जागी स्टीलच्या चार नव्या उभ्या होत्या. एका उंचीच्या, एका तोंडाच्या, लखलखीत. तळाशी बारीक अक्षरांत नावं कोरून आणली होती.

“बाबा, डावीकडून पाणी, तेल, साके, ब्रँडी. आपला जुनाच क्रम,” त्याने सांगितलं होतं. “कशा वाटतात?”

बाबांनी पहिल्या बाटलीवरून अंगठा फिरवला होता. “छान,” ते म्हणाले होते. “चकचकीत आहेत.”

क्रम आहे, त्यावर ते भागवतील, असं थोरलीने स्वतःला समजावलं. एकच दुपार. पाच जणांचंच जेवण.

सुरुवात झालीही नेहमीसारखी. दोन उलथणी हातात घेऊन बाबांनी तव्याच्या कडेवर ठेका धरला. टक, टकटक, टक. या ठेक्यासाठी लोक दुरून येत. आजही तो तसाच वाजला. पण त्यात मधे मधे मोकळ्या जागा राहत होत्या, आणि त्या फक्त थोरलीला ऐकू येत होत्या. तिथे एरवी तिचं उलथणं वाजायचं.

कोळंबी झाली. लसणाच्या चकत्या सोनेरी होऊन कट्ट्याच्या कडेशी आल्या. मग आई उठली. चाळीस वर्षं तिने या दुकानात ओघळ म्हणून राहू दिला नव्हता; नव्या स्टीलवर तेलाचे थेंब आणि बोटांचे ठसे दिसताच तिला राहवेना. कट्ट्यावरून वाकून तिने चारी बाटल्या अलीकडे घेतल्या, रुमालाने लख्ख पुसल्या आणि परत ओळीत ठेवून दिल्या. बाबा तेव्हा मागे वळून कांदा घेत होते.

थोरली खुर्चीत पुढे सरकली. परत ठेवताना क्रम चुकला की नाही, तिला कळलं नाही. सगळ्या सारख्याच तर होत्या. ‘बाबा, बाटल्या बघून घ्या’ एवढंच म्हणायचं होतं. पण बघून घ्या म्हटल्यावर ते काय बघणार होते? ती अर्धवट उठली. “मी जरा आत जाऊन कांदा देते त्यांना,” ती म्हणाली. धाकट्याने तिचे दोन्ही खांदे धरून तिला खाली बसवलं. ती बसली.

बाबांनी कांदा आणि मश्रूमचा ढीग केला, घुमटाचं झाकण उजव्या हातात धरलं आणि डावीकडची पहिली बाटली उचलून ढिगाभोवती मोठं वर्तुळ ओतलं. वाफेवर शिजवायला लागतं तेवढं, सढळ हाताने.

तवा ओरडला नाही. नुसता फसफसला, आणि गोड, उग्र वास आला.

तो आवाज चुकीचा आहे हे तिथे दोघांनाच कळलं. थोरली खुर्ची पाडून उठली. बाबा मात्र आवाज नीट ऐकायला आणखी खाली वाकले, आणि तेवढ्यात ती वाफ मेणबत्त्यांपर्यंत पोचली.

आधी निळं, मग पिवळं. भपकन एक भिंत उभी राहिली आणि कट्ट्यावरून पलीकडे झुकली. घड्याळजींचा उजवा हात नेहमीप्रमाणे लसणाच्या चकत्यांकडे गेलेला होता. बाही पेटली. थोरल्याने ओला फडका त्यांच्या हातावर दाबला, त्यांना उठवून मागच्या नळाशी नेलं, आणि थोरलीने झाकण हिसकून ढिगावर पालथं घातलं. दहा आकडे मोजावेत इतकाच वेळ आग होती. धाकटा हातात मेणबत्त्यांचं रिकामं खोकं घेऊन तसाच उभा होता.

पहिले बोलले ते बाबा. त्यांच्या भुवया जळून राख झाल्या होत्या. तव्यावरून ओणवं होऊन, दोन्ही हात पुढे करून ते तिसऱ्या खुर्चीला म्हणाले, “घड्याळजी, हात दाखवा. बघू द्या मला. फार लागलं का?”

तिसरी खुर्ची रिकामी होती. बाबा तिच्याकडे बघत होते. अगदी तोंडासमोर असलेल्या माणसाकडे बघावं तसे, कळवळून.

नळाचं पाणी वाहत होतं. घड्याळजी तिथून हळूच म्हणाले, “मी इकडे आहे, मास्तर.”

बाबांचे हात हवेत राहिले. आईने तोंडावर पदर धरला. धाकट्याच्या हातून खोकं पडलं. थोरल्याने आधी बापाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, आणि मग, का कोण जाणे, थेट बायकोकडे.

डॉक्टरकडे जाताना घड्याळजी दारात थांबले. फडक्यात गुंडाळलेला हात छातीशी धरून ते एवढंच म्हणाले, “काय झालं ते मला तुम्ही सांगा, मास्तर. दुसऱ्या कोणाकडून नको.”

“सांगतो,” बाबा म्हणाले. या वेळी त्यांचं तोंड आवाजाच्या दिशेला होतं. “आज दिवे लागायच्या आत. तुमच्या दुकानात येऊन.”

*

थोरला तासाभराने परतला तेव्हा दुकानाचं दार आतून लावलेलं होतं. तव्यावर जळका कांदा तसाच होता. तवा तापलेला असतानाच खरवडून, तेलाचा हात फिरवून ठेवायचा, हा या घरातला नेम. तापाच्या साथीत, घरात मयत झालं त्या दिवशीसुद्धा तो मोडला नव्हता. आज कोणाला त्याची आठवणही नव्हती. निवताना लोखंड अधूनमधून टिक् टिक् करत होतं.

बाबा आतल्या बाजूच्या बुटक्या स्टुलावर बसले होते. आईने त्यांच्या कपाळाला मलम लावलं होतं आणि ती त्यांच्यापासून चार हात लांब जाऊन बसली होती. ते अंतर थोरल्याच्या लगेच लक्षात आलं.

त्याने डॉक्टरांचं सांगितलं. तळहात वाचला आहे. अंगठा आणि पहिलं बोट भाजलंय खोलवर. भरेल, पण बोटं पुन्हा तशी वळतील की नाही, ते आत्ता सांगता येत नाही. घड्याळजींनी डॉक्टरांना एकच विचारलं होतं, चिमटा धरता येईल का, आणि डॉक्टर कागदावर लिहीत राहिले होते. शिवाय भाजल्याची नोंद सरकारात कळवावी लागते. उद्या सकाळी तपासनीस येईल.

एवढं बोलून तो बायकोसमोर उभा राहिला.

“किती दिवस?”

“दोन वर्षं,” थोरली म्हणाली. “पुढच्या महिन्यात पुरी होतील.”

“मी रोज पहाटे बाजारात जातो, मासळी निवडून आणतो, या माणसापुढे ठेवतो. ते म्हणतात, वा, डोळे बघ कसे ताजे आहेत. आणि तू शेजारी उभी राहून ऐकतेस.”

“वास घेऊन सांगायचे ते. चूक कधी नव्हती.”

“ते नाही विचारत मी. मला का नाही सांगितलंस?”

“त्यांनी शब्द घेतला होता.”

“आणि मी कोण?”

तिने मग खाली बघत, एकेक करून सगळं सांगितलं. दाताच्या डॉक्टरकडे म्हणून ती आणि बाबा अशी दोघं गेली होती ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे. ज्याच्याकडे बघावं तेवढंच पुसलं जातं, कडेकडेचं थोडं राहतं; म्हणून चालता येतं, जिना उतरता येतो, पण समोरचा चेहरा दिसत नाही. औषध नाही. बाबा म्हणाले होते, हात अजून शाबूत आहेत, सूनबाई, कान शाबूत आहेत. मला एकदम खाली बसवू नका. तेव्हा दोघांनी मिळून खुणा ठरवल्या. तिचं उलथणं एकदा वाजलं की आता उलटव. दोनदा म्हणजे डावीकडे घे. तव्यावर घासलं की गिऱ्हाइकाचा हात जवळ आलाय, थांब.

धाकटा इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. “म्हणजे तो ठेका...” तो म्हणाला.

“हो.”

“लोक व्हिडिओ काढायचे त्याचा. मी माझ्या फोनला लावलाय तो, वहिनी. कोणी फोन केला की तोच वाजतो.” तो हसायला गेला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. “आणि मी तुला हौसेने बाहेर बसवलं. खांदे धरून.”

“तुम्हाला माहीत नव्हतं.”

“तुला होतं ना पण. एक शब्द बोलायचास. नुसतं म्हणायचंस, भाऊजी, गाढवपणा करू नका. मला आयुष्यभर तेच ऐकायची सवय आहे.”

थोरलीने मान खाली घातली. खरं तेच होतं. दिलेला शब्द ती दोन वर्षं उपासासारखा पाळत आली होती, आणि त्या शब्दापायी आज एका माणसाच्या बोटांवरचं कातडं गेलं होतं. शब्द पाळला की पुण्य लागतं असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं. आज ती समजूत कुठे ठेवावी ते तिला कळेना.

*

आई या सगळ्यात दुसऱ्याच हिशेबात होती.

दोन वर्षं. म्हणजे तेव्हापासूनच. रोज दुपारी माडीवरून खाली येताना यांनी तिचा हात धरायला सुरुवात केली ती तेव्हापासूनच. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. चारचौघांत कधी शेजारी बसले नाहीत असा हा माणूस, आणि उतारवयात एके दिवशी जिन्याच्या तोंडाशी थांबून म्हणाला, हात दे गं. तिला लाजल्यासारखं झालं होतं. मग सवय झाली. मग ती त्या घटकेची वाट बघायला लागली. हात धुऊन, कोरडा करून ती जिन्याशी उभी राहायची. बहिणीलाही तिने फोनवर सांगितलं होतं, म्हातारपणी सुचलंय बरं का यांना.

पायरी दिसत नव्हती, म्हणून.

तिला रडू आलं नाही. उंचावरून पडल्यावर आधी काही दुखतच नाही, तसं झालं होतं. सुनेला सांगितलं. मला नाही. तेवढंच डोक्यात घुमत होतं.

“आता पुढचं बघू,” थोरला म्हणत होता. “उद्या तो माणूस येईल आणि विचारेल, आग कशी लागली.”

धाकट्याला लगेच सुचलं. त्याला नेहमीच लगेच सुचायचं. तव्याखालचे बर्नर गेल्या गुरुवारी दुरुस्त करून घेतले होते. बर्नरवाल्याने एक नळी बदलली होती. नळीतून गॅस सुटला, भडका उडाला. कोण नाही म्हणणार? तव्यावर काय ओतलं होतं ते आता जळून गेलंय. आपण पाच जण एकच बोललो की झालं.

“आणि त्याचं काय होईल?” थोरलीने विचारलं. “एकट्या माणसाचं काम आहे त्याचं. परवाना जाईल.”

“दंड होईल फार तर.”

“घड्याळजींनी बघितलंय सगळं.”

“त्यांनी भडका बघितलाय. बाटलीत काय होतं ते नाही.”

थोरली नवऱ्याकडे वळली. मासळीवाल्याने चुकून जास्तीचा मासा घातला तर परत नेऊन देणारा हा माणूस. तो आता धाकट्याला गप्प करेल याबद्दल तिला शंका नव्हती.

“तो म्हणतोय ते बरोबर आहे,” थोरला म्हणाला.

ती बघतच राहिली.

“असं बघू नकोस. खरं सांगितलं तर काय लिहितील माहीत आहे? न दिसणाऱ्या माणसाला आगीपुढे उभं केलं, आणि शेजारी कोण होतं? ज्या बाईला सगळं माहीत होतं ती. पहिलं नाव तुझं येईल. बाबांचं नाही, तुझं. मला तुझा राग आलाय. तो मी आयुष्यभर करीन सावकाश. पण तुला त्या तपासनिसापुढे उभं करणार नाही.”

तिच्यासाठीच दुसऱ्याचा गळा कापला जात होता, आणि कापणारा मायेनेच कापत होता.

“आई, तू बोल,” धाकटा म्हणाला.

“यांना लोकांनी नावं ठेवलेली मला चालणार नाहीत,” आई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “नळीचं सांगा.”

तिघं एकीकडे झाली. थोरलीने बाबांकडे पाहिलं. ते मान तिरकी करून बसले होते, डोळ्यांच्या कडेने बघायचे तसे. पण कोणाकडे बघत होते ते कळत नव्हतं.

धाकटा आता मोकळा झाला होता. त्याने बाटल्या आवरायला घेतल्या. या आधी हटवल्या पाहिजेत, जुन्या परत ठेवू, असं म्हणत त्याने पहिली उचलली, सवयीने तोंडाशी नाक नेलं आणि तो थांबला. मग शेवटची उचलली. हलवली. हातावर दोन थेंब घेतले.

“पहिलीत ब्रँडी, आणि हे पाणी आहे,” तो म्हणाला. “चौथ्या जागी पाणी आहे. मी पहिलं ठेवलं होतं. शपथ घेतो, मी डावीकडून पहिलं पाणीच ठेवलं होतं. बाबांनी बरोबर पहिलीच उचलली. मग कोणी...”

थोरली मुद्दाम दुसरीकडे बघत होती, आणि तिचं ते दुसरीकडे बघणं आईला दिसलं.

आईने आपल्या मांडीवरच्या रुमालाकडे पाहिलं. त्यावर तेलाचा पुसट डाग होता.

“मी पुसल्या,” ती म्हणाली.

धाकट्याने हातातली बाटली खाली ठेवली.

“ओघळ होते. म्हणून पुसल्या. सगळ्या सारख्याच होत्या रे. मला काय ठाऊक, त्यांना मोजून घ्याव्या लागतात.” ती सुनेकडे वळली. “तू बघितलंस मला. तुला माहीत होतं मीच केलं, आणि इतका वेळ बोलली नाहीस?”

“मला नक्की माहीत नव्हतं, आई.”

“माहीत नव्हतं म्हणे. हे असंच झाकत जातेस तू एकेकाचं. त्यांचं डोळ्यांचं झाकलंस, आता माझं. पोरी, या घरात आणखी किती झाकणं धरून उभी आहेस तू?”

हे रागाने म्हटलं होतं की काय ते कोणाला कळलं नाही. बहुधा आईलाही नाही. ती उठली आणि सुनेच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. मग थोरल्याला म्हणाली, “बर्नरवाल्याला मधे आणायचं नाही. हात माझा होता.”

“आई, आत्ता तूच म्हणालीस...”

“आत्ता मला माहीत नव्हतं.”

“म्हणजे आता तुलाही तपासनिसापुढे उभं करू?” थोरला पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. “आधी ही, मग तू, मग बाबा. एकेक करून सगळं घर उभं करतो कट्ट्यापुढे.”

“मला वगळू नकोस,” धाकटा म्हणाला. “मेणबत्त्या माझ्या होत्या.”

बाबांसमोर हे वाढू नये म्हणून थोरल्याने दोघांना मागच्या स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं गेलं. आतून त्याचा जड आवाज, धाकट्याचा घाईचा, आणि मधे मधे आईचा, जो आज कोणाच्याच ओळखीचा नव्हता.

*

तव्याशी थोरली आणि बाबा उरले.

तिने खरवडणी घेतली. लोखंड कोमट झालं होतं, कांदा चिकटून बसला होता. जोर लावावा लागत होता.

“किती वाजले?” बाबांनी विचारलं.

“पाच वाजून वीस मिनिटं.”

त्यांनी कमरेचं कापड सोडलं. चार घड्या घालून कट्ट्यावर ठेवलं. नळाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं, मलमाची जागा चुकवून. बाहेरचे जोडे दाराशी होते. ते त्यांनी पायाने चाचपून शोधले. थोरलीने खरवडणी ठेवली आणि तीही चपला घालायला आली.

“बाबा, तुम्ही काय सांगणार आहात?”

“झालं ते.”

“सगळं?”

“दिसत नाही इथपासून. मी तुला शब्दात अडकवलं तिथपासून.” ते थांबले. “थोरला म्हणतो ते काही खोटं नाही, पोरी. तुझं नाव पुढे येईल. मी म्हणेन, तिला माहीत नव्हतं. एवढं एक खोटं मला पचेल.”

“नका म्हणू,” ती म्हणाली. “मीही होते तिथे. रोज होते. माझं नाव गाळू नका.”

त्यांनी मान जराशी वळवून, कडेने, तिला बघायचा प्रयत्न केला.

“बरं,” ते म्हणाले. “नाही गाळत.”

त्यांनी कडी काढली. ती एक पाऊल पुढे झाली, कोपराला आधार द्यायला, नेहमी द्यायची तसा, कोणाला कळणार नाही असा. त्यांनी तिचा हात हलकेच बाजूला केला.

“तू नको येऊस. तू शेजारी असलीस की लोकांना वाटतं, मला दिसतं.”

ती दारातच राहिली.

घड्याळजींचं दुकान सहा दुकानं सोडून होतं, याच बाजूला. संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. माणसं कामावरून परतत होती, कोणी सायकल ढकलत होतं, कोणी फोनवर बोलत होतं. बाबा भिंतीच्या कडेने निघाले. आधी जोरात, नेहमीच्या रुबाबात. दुसऱ्या दुकानाच्या पायरीला पाय अडखळला. ते थांबले. मग उजवा हात बाहेर काढून त्यांनी भिंतीवर ठेवला आणि तो तसाच ठेवून चालू लागले, सगळ्यांना दिसेल असा. चपलांच्या दुकानातला माणूस ओळखीचं हसला. त्याच्या हसण्याला उत्तर मिळालं नाही. तो बाहेर येऊन बघत राहिला.

स्वयंपाकघरातले आवाज बंद झाले होते. थोरलीच्या मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं, मग आणखी कोणीतरी. तिने वळून पाहिलं नाही.

सहा दुकानं झाल्यावर बाबा पुन्हा थांबले. समोरून एक शाळकरी मुलगी वही वाचत येत होती. त्यांनी तिला हाताने थांबवलं. आवाज मोठा नव्हता, पण गल्ली अरुंद होती; दारापर्यंत स्वच्छ ऐकू आला.

“बाळ, मला नीट दिसत नाही. घड्याळाचं दुकान हेच का?”